वर्षाची फी आणि रोजचा व्यायाम

गेल्या पावसाळ्यात महिला मंडळाच्या बैठकीत एक ताई रडकुंडीला आल्या होत्या. भिशी लागली तेव्हा त्यांनी मुलाच्या जिमची वर्षाची फी, नऊ हजार रुपये, एकदम भरली. मुलगा तीन आठवडे गेला. मग कामाची पाळी बदलली आणि जाणे सुटले. दोन महिन्यांनी पुन्हा गेला, तर जिमच्या दाराला कुलूप. ताई म्हणाल्या, "सिस्टर, आमचंच चुकलं."

चूक त्यांची एकटीची नव्हती. जिमचा धंदा कसा उभा राहिला हे कळले, तर पैसे भरताना आपण सावध राहू.

धंदा कसा वाढला?

या धंद्याचे आजचे रूप बरेचसे अमेरिकेत घडले. 1936 मध्ये जॅक ललॅन यांनी कॅलिफोर्नियातील ऑकलंड शहरात व्यायामशाळा काढली. वजन उचलल्याने हृदय बिघडते, असे तेव्हा डॉक्टरही सांगत. 1951 पासून ललॅन टीव्हीवर व्यायाम शिकवू लागले. पाहणाऱ्यांत घरकाम करणाऱ्या बायका खूप होत्या. साधन म्हणून ते घरातली खुर्ची वापरत. हा कार्यक्रम 1985 पर्यंत चालला.

त्याच कॅलिफोर्नियात विक टॅनी यांनी दुसरी वाट धरली. गालिचे, मोठे आरसे, चकचकीत यंत्रे आणि हप्त्यांवर सभासदत्व. शाखा भराभर वाढल्या, पण 1960 नंतर थोड्याच वर्षांत डोलारा कोसळला.

1965 मध्ये जो गोल्ड यांनी व्हेनिस येथे गोल्ड्स जिम काढली. तिथली बरीच साधने त्यांनी स्वतः बनवली होती. 1970 मध्ये त्यांनी ती विकली. पुढे 1977 च्या एका चित्रपटामुळे ती जगभर गाजली, देशोदेशी शाखा निघाल्या. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आपल्याकडे तळवलकर हे नाव मुंबईत 1932 पासूनचे. 2010 मध्ये त्यांची कंपनी शेअर बाजारात उतरली. 2019 मध्ये कर्जावरचे व्याज थकले आणि शाखा बंद पडू लागल्या. नाव मोठे आणि जुने असले, तरी आगाऊ भरलेले पैसे सुरक्षित असतातच असे नाही.

न येणाऱ्यावर नफा

जिमचे भाडे, वीज, यंत्रांचे हप्ते ठरलेले असतात. एका वेळी पन्नास माणसे मावतील अशा जागेत कित्येक पटींनी जास्त सभासद करता येतात, कारण सगळे रोज येत नाहीत. जो फी भरतो आणि येत नाही, त्याच्यावर मालकाचा खर्च जवळजवळ शून्य.

अमेरिकेतील तीन जिमच्या सात हजारांहून अधिक सभासदांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. महिन्याला 70 डॉलरहून जास्त फी भरणारे लोक महिन्यात सरासरी 4.3 वेळाच जात. म्हणजे एका खेपेला 17 डॉलरहून जास्त पडत. तिथेच दहा खेपांचा पास घेतला असता, तर खेप 10 डॉलरला पडली असती. तेव्हा "मी रोज जाईन" ही चुकीची आशा आपल्याच पोरांची नाही, माणसाचीच आहे. वर्षाची फी याच आशेवर विकली जाते.

पैसे भरण्यापूर्वी

- आधी एक महिन्याचीच फी भरा. वर्षाची सवलत स्वस्त वाटते, पण गेलात तरच स्वस्त.
- पावती घ्या. जिम बंद पडली किंवा तुम्ही सोडली, तर किती पैसे परत मिळतील ते लिहून मागा.
- फीसाठी कर्ज किंवा हप्ता करू नका.
- जिममध्ये विकत मिळणारी पावडर लगेच घेऊ नका. डाळ, चणे, शेंगदाणे, अंडी, मासे यांतूनही प्रथिने मिळतात.
- फसवणूक झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा.

शरीराला काय लागते?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम हवा. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. तो घरातही होतो: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर, तरुणांसाठी बैठका. छातीत दुखत असेल, थोड्या श्रमाने दम लागत असेल किंवा बीपी-शुगरची गोळी चालू असेल, तर आधी आरोग्य केंद्रात दाखवा.

जिमला जाणे वाईट नाही. जमत असेल तर जरूर जा. पण फी भरली म्हणजे व्यायाम झाला, असे नाही. त्या ताई आता संध्याकाळी चार जणींना घेऊन मैदानाला फेऱ्या मारतात. मुलगाही घरी बैठका काढतो. नऊ हजार परत मिळाले नाहीत. पण पुढची भिशी लागली, तेव्हा ताईंनी पैसे घरातच ठेवले.