रात्रीचा उजेड आणि स्तनाचा कर्करोग

अंध स्त्रियांना स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांच्या मानाने कमी होतो, असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्यास ते चमत्कारिक वाटेल. दृष्टीचा आणि या रोगाचा संबंध काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर काळोखात शोधावे लागते.

मेंदूतील पिनिअल ग्रंथीतून रात्री मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवते. डोळ्यांवर उजेड पडला की हा स्राव मंदावतो. विजेच्या दिव्यांनी रात्र उजळलेल्या देशांत स्तनाचा कर्करोग अधिक का, याचा विचार करताना अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड स्टीव्हन्स यांनी १९८७ मध्ये रात्रीच्या उजेडाकडे बोट दाखविले. हा तर्क खरा असेल, तर ज्यांच्या मेंदूपर्यंत उजेड पोहोचतच नाही अशा स्त्रियांत हा रोग कमी आढळला पाहिजे. १९९१ मध्ये रॉबर्ट हान यांनी अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पूर्णतः अंध स्त्रियांत त्याचे प्रमाण सुमारे निम्मे दिसले. पुढे फिनलंडमध्ये दृष्टिदोष जितका तीव्र तितका धोका कमी, असा क्रम आढळला. नॉर्वेत १५,४१२ दृष्टिबाधित स्त्रियांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. परंतु त्यांत संपूर्ण अंध स्त्रिया थोड्याच होत्या, म्हणून तेथील आकड्यांवर फार भार टाकता येत नाही.

अंध स्त्रियांची तपासणीच कमी होत असेल आणि म्हणून रोग कमी दिसत असेल, अशी शंका येथे कोणासही येईल. ती रास्त आहे. शिवाय सर्व अंध व्यक्ती प्रकाशापासून सारख्याच दूर नसतात. काहींना दिसत काहीच नाही, तरी डोळ्यांवर उजेड पडताच त्यांचे मेलाटोनिन घटते, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात म्हणून अंध स्त्रियांचीच आपसांत तुलना करण्यात आली. ज्यांना उजेडाची जाणीवही नव्हती त्यांच्यात हा रोग उजेड जाणवणाऱ्यांपेक्षा बराच कमी होता. प्रस्तुत लेखकास सर्वांत वजनदार पुरावा हाच वाटतो.

तरीही प्रश्न सुटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केला आणि २०१९ मध्ये तो कायम ठेवला. मात्र २०१६ मधील ब्रिटनच्या मोठ्या पाहणीत रात्रपाळी करणाऱ्या स्त्रियांत धोका वाढलेला आढळला नाही. तेव्हा परिचारिकेने किंवा गिरणीतील कामगार स्त्रीने भयभीत होण्याचे कारण नाही. पाळ्यांची आखणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी मात्र हा विषय दुर्लक्षू नये. दिवसा झोपणाऱ्या स्त्रीला घरात एक अंधारी, शांत खोली मिळते का, हेही कुटुंबाने पाहावे.

धोका कमी म्हणजे धोका नाही, असे नव्हे. भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे, आणि त्याची गाठ सुरुवातीस बहुधा दुखत नाही. ३० वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीची यादी करताना गावातील अंध भगिनीचे नाव तीत आहे ना, आणि केंद्रापर्यंत तिला घेऊन कोण जाणार, हे ग्रामपंचायतीने आधीच ठरवून ठेवावे.