सास्तूरहून तेर: एका दिवसाच्या फेरीचा हिशेब

तेरला जायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो प्रवेशाच्या तिकिटाचा. सास्तूर-लोहाऱ्याकडून निघणाऱ्याचा पैसा मात्र तिकिटात जात नाही, तो रस्त्यात जातो. आणि जिथे हात सैल सोडायला हवा, त्या गाईडवर लोक एक रुपया खर्चायला तयार नसतात. तेरची अर्धी सहल तिथेच वाया जाते.

आधी जाण्याचे बघू. लोहारामार्गे धाराशिव आणि तिथून तेर, अशी एकूण 95 किलोमीटरच्या आसपासची वाट धरा. एसटीचे भाडे 6 किलोमीटरच्या टप्प्यावर चालते आणि जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला एका टप्प्याचे सुमारे 10 रुपये पडतात. म्हणजे 16 टप्प्यांचे एका बाजूचे 160 रुपये. गाडी बदलताना तिकीट नव्याने फाटते, त्यामुळे पाच-दहा रुपये वर जातील. महिलांना निम्मे भाडे, 5 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मे, 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मे आणि 75 च्या पुढे काहीच नाही. नवरा-बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि 76 वर्षांची आजी असे चौघे निघाले तर जाऊन-येऊन साधारण 640 रुपयांत भागते. आजींचे आधार कार्ड घरी विसरू नका, वाहक वयाचा पुरावा मागतो.

मोटारसायकलवर दोघे जाणार असतील तर 190 किलोमीटरला चार लिटर पेट्रोल पुरते. लिटरला 105 रुपये धरले तर 420 रुपये. भाड्याच्या गाडीवाल्याने किलोमीटरला 13 रुपये सांगितले तर 2,470 होतात, पण तेवढ्यावर हो म्हणू नका. चालकाचे जेवण, थांबण्याचे पैसे आणि दिवसाचे किमान किलोमीटर किती धरणार, हे बसण्याआधी विचारा. हिशेब फुगतो तो बहुधा या तिसऱ्या गोष्टीत. शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांनी आगाराकडे अर्ज करावा, शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या दराने गाडी देते.

आता गाईड. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची लामू आणि झांझिबार ही जुनी स्वाहिली शहरे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. तिथे गाईडबरोबर गल्लीबोळ फिरणे हा सरळ रोजगाराचा धंदा आहे. तेरला तशी शिस्त नाही, पण नात्याने हे गाव त्या किनाऱ्यापासून वाटते तेवढे लांबही नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये आफ्रिकेचा तो किनाराही येतो आणि ‘तगर’ही. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर, असे तो तगरचे वर्णन करतो. तिथले जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई, असेही सांगतो. भडोचकडून आफ्रिकेच्या शिंगाजवळच्या बंदरांत गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल आणि सुती कापड जात असल्याची नोंद त्याच पुस्तकात आहे. त्या कापडात तगरचे किती, हे त्याने लिहिलेले नाही. तगर म्हणजेच तेर, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासक फ्लीट यांनी मांडले. कोकणचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, म्हणजे समुद्रकाठच्या राजांनाही या गावाचे नाव मिरवावेसे वाटे.

हे सांगणारा माणूस बरोबर नसेल तर तेर म्हणजे मातीच्या टेकाडांचे एक गाव. गाईड ठरवताना किती वेळ, कोणती ठिकाणे आणि माणशी की गटाचे, हे तिन्ही आधी बोलून घ्या. दोन-अडीच तास मन लावून दाखवणाऱ्याला गटामागे 500 रुपये द्यायला हरकत नाही, असे माझे मत आहे. चौघांत वाटले तर माणशी 125. घासाघीस करून 200 वर आणाल, तर तो तुम्हाला संत गोरोबाकाकांच्या देवळात नेऊन सोडेल आणि निघून जाईल.

फेरीची सुरुवात संग्रहालयापासून करा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंवर हे शासकीय संग्रहालय उभे आहे. मातीच्या मूर्ती, मणी, सातवाहन नाणी, शंखाच्या वस्तू इथे आहेत. तेरची खरी कीर्ती हस्तिदंती स्त्रीमूर्तीत आहे. 1938 मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. तिच्यापुढे पाच मिनिटे थांबा. फोटोची परवानगी दारातच विचारा. मग त्रिविक्रम मंदिर बघा. मागची बाजू अर्धगोल, छत गजपृष्ठासारखे. मुळात ते बौद्ध चैत्य असावे असे मानतात. विटांचेच उत्तरेश्वर मंदिर त्यानंतर. इथल्या जुन्या विटा पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या, अशी त्यांची ख्याती. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात दगड-मातीच्या जड भिंती अंगावर घेतलेल्या सास्तूरच्या माणसाने त्या वेगळ्याच नजरेने पाहाव्यात. शेवटी तेरणा नदीकाठी गोरोबाकाकांची समाधी. दर्शन फुकट.

गावातल्या टेकाडांवर पावसाळ्यानंतर मणी, खापऱ्या वर येतात. त्या उचलू नका आणि कोणी जुने नाणे विकायला आणले तर घेऊ नका. 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. 1972 च्या कायद्याने पुरावस्तूंची विनापरवाना विक्रीही गुन्हा ठरते. शंभर रुपयांची आठवण पोलीस ठाण्यापर्यंत नेऊ शकते.

जेवणाचा खर्च धपाटे आणि शेंगाचटणी बांधून घेतली तर चहापुरता उरतो. उन्हाळा टाळा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे. सोमवार आणि सरकारी सुट्टी सोडून वार निवडा, कारण संग्रहालय बंद असले तर फेरी अर्धीच. चैत्र वद्य त्रयोदशीच्या सुमारास गोरोबाकाकांची यात्रा असते. तेव्हा भक्तीला जा, इतिहास बघायला नको. एसटीने जाणार असाल तर सकाळी धाराशिवच्या स्थानकात उतरल्याबरोबर तेरहून परतीची आणि पुढे लोहाऱ्याकडची शेवटची गाडी किती वाजता, हे चौकशी खिडकीवर विचारून लिहून घ्या. ती चुकली तर मुक्कामाचा खर्च वरच्या कुठल्याच आकड्यात धरलेला नाही.