नफा किती घ्यावा? बोस्टनचा दुकानदार रॉबर्ट केन



सहावीला नफा-तोटा शिकवताना आपण सगळेच एक गोष्ट करतो. खरेदी किंमत देतो, विक्री किंमत देतो आणि शेकडा नफा काढायला लावतो. उत्तर २० आलं काय आणि १०० आलं काय, बरोबर असलं की पुढचं गणित. मागच्या वर्षी असंच एक उदाहरण फळ्यावर सोडवलं आणि उत्तर शेकडा १०० आलं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, एवढा नफा घेतलेला चालतो का?" तिच्या बाबांचं किराणा दुकान आहे. मी म्हटलं, "गणितात चालतो." वर्ग हसला, मीही हसले. पण घरी जाताना वाटलं, हे काही उत्तर झालं नाही.

त्यानंतर वाचनात रॉबर्ट केन हा माणूस आला. आपल्या पुस्तकांत अमेरिकेची गोष्ट साधारणपणे १७७३ च्या बोस्टनमधल्या चहाच्या पेट्यांपासून सुरू होते. केन त्याच बोस्टनचा, पण त्याच्याही सव्वाशे वर्षं आधीचा. हा माणूस व्यापारी होता, गावाचा कारभारी होता, आणि "नफा फार घेतला" एवढ्याच आरोपावरून त्याच्यावर भर सभेत खटला चालला. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न १६३९ साली एका अख्ख्या वसाहतीला पडला होता!

केनचा जन्म १५९५ चा, इंग्लंडमधल्या विंडसर गावचा. वडील खाटीक. दहा वर्षांचा असताना त्याला लंडनमध्ये कापडाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलं. (आपल्या पाचवीतल्या मुलांचं वय. वर्गात हे सांगितलं की मुलं एकदम सावरून बसतात.) तिथे तो धंदा शिकला, स्वतःचा व्यापार उभा केला, पैसे कमावले. धर्मानं तो प्युरिटन. म्हणजे ख्रिस्ती धर्मातला कडक आचाराचा पंथ. या पंथाच्या लोकांनी समुद्रापार मॅसॅच्युसेट्स वसाहत वसवली होती आणि १६३० मध्ये बोस्टन गाव उभं राहिलं होतं. १६३५ मध्ये केन बायको आणि मुलाला घेऊन तिथे गेला. जाताना त्याच्याजवळ दोन-तीन हजार पौंडांची पुंजी होती. नव्या गावात ही फार मोठी रक्कम.

त्यानं बोस्टनमध्ये दुकान थाटलं. विचार करा, खिळा हवा तरी तो इंग्लंडहून जहाजानं यायचा. बटणं, घोड्याचा लगाम, कापड, सगळं तिकडून. जहाज कधी येईल ते वाऱ्यावर. अशा गावात ज्याच्याकडे माल, तो मोठा. केन लवकरच सिलेक्टमन म्हणून निवडून आला. सिलेक्टमन म्हणजे गावाचा कारभार पाहणारे निवडलेले लोक, आपल्या ग्रामपंचायत सदस्यांसारखे समजा. वसाहतीच्या सर्वोच्च सभेत, म्हणजे जनरल कोर्टात, तो बोस्टनचा प्रतिनिधी होता. १६३८ मध्ये तिथल्या तोफखाना कंपनीची स्थापना झाली, तिचा पहिला कॅप्टनही तोच. ही संस्था आजही बोस्टनमध्ये आहे.

आणि पुढच्याच वर्षी याच माणसाला आरोपी म्हणून उभं केलं गेलं.

गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप रोजनिशी लिहीत असे. तीत या खटल्याची नोंद आहे. आरोप असा की केन काही मालावर शिलिंगामागे ६ पेन्सांहून जास्त नफा घेतो, काहीवर ८ पेन्सांहून जास्त आणि काही बारीकसारीक वस्तूंवर दुपटीहूनही जास्त. इथे थांबा आणि हे फळ्यावर घ्या. १ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स. आपल्याकडेही पूर्वी १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा होता, घरी जुनं माणूस असेल तर मुलांना विचारून यायला सांगा. आता १२ वर ६ म्हणजे शेकडा ५०. १२ वर ८ म्हणजे शेकडा ६६ पूर्णांक दोन तृतीयांश. आणि एकाचे दोन म्हणजे शेकडा १००. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा ही तीन गणितं माझ्या वर्गानं जास्त मन लावून केली. कारण या उत्तरांवर एका माणसाची अब्रू टांगलेली होती.

खरी गंमत पुढे आहे. त्या वेळी नफ्याला मर्यादा घालणारा कोणताही कायदा वसाहतीत लागू नव्हता. मग शिक्षा कशाच्या आधारावर? ही अडचण त्या लोकांनाही जाणवली. विन्थ्रॉपनं दोन्ही बाजू लिहून ठेवल्यात. केनच्या बाजूनं असं: कायदा नाही, चढ्या भावानं विकण्याची रीत सगळ्या देशांत आहे, दोषी तो एकटाच नाही, गुरंढोरं, धान्य, मजुरी सगळ्यांचेच भाव लोकांनी वाढवलेत, आणि घेणारा व देणारा दोघांनाही न्याय्य होईल असा पक्का दर ठरवायचा कसा? विरुद्ध बाजूनं असं: हा जुना धार्मिक माणूस, हुशार, श्रीमंत, मूल एकच, धर्मासाठी देश सोडून आलेला, आणि आधी समज देऊनही न ऐकलेला. तुम्ही नीट पाहिलंत का? पहिली यादी धंद्याबद्दल बोलते, दुसरी माणसाबद्दल. वर्गात दोन गट करून या दोन बाजू मांडायला दिल्या, तर वादविवादाचा तास आपोआप होतो.

निकालावरही एकमत झालं नाही. गावोगावचे प्रतिनिधी म्हणाले २०० पौंड दंड करा. वरच्या पदावरचे दंडाधिकारी म्हणाले १०० पुरे. शेवटी केनकडून ८० पौंड घेतले गेले.

एवढ्यावर भागलं नाही. चर्चनंही त्याला बोलावलं. तिथे तो रडला आणि आपलं मन लोभी असल्याची कबुली दिली. त्यानंतर धर्मगुरू जॉन कॉटन यांनी व्यापाराचे नियम समजावून सांगितले. हे नियम मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण त्यात नुसतं "लोभ करू नका" असं नाही, प्रसंग आहेत. समुद्रात तुमचा काही माल बुडाला तर तो तोटा उरलेल्या मालावर भाव चढवून भरून काढायचा नाही, तो तुमचा तुम्ही सोसायचा. खरेदी करताना तुम्हीच फसलात आणि महाग घेतलंत, तर ती तुमची चूक, गिऱ्हाइकाची नाही. समोरच्याचं अज्ञान किंवा गरज पाहून त्याचा फायदा घ्यायचा नाही. मात्र त्या वस्तूचीच सगळीकडे टंचाई असेल, तर भाव वाढवायला हरकत नाही.

हे चार प्रसंग मी मुलांना एकेक करून दिले आणि हात वर करायला सांगितले. अज्ञानाच्या प्रसंगाला सगळ्यांचं एकमत झालं. टंचाईला वर्ग जवळजवळ अर्धा-अर्धा फुटला. आणि बुडालेल्या मालाच्या वेळी किराणा दुकानवाली मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, मग दुकान कसं चालणार?" मला उत्तर आलं नाही. केननंही बहुधा हेच विचारलं असतं.

आता डुकरिणीचा खटला. हो, खरंच. १६३६ मध्ये एक भटकी डुकरीण केनकडे आणून दिली गेली. त्यानं गावात दवंडी दिली, वर्षभर सांभाळली. त्याची स्वतःचीही एक डुकरीण होती, ती त्यानं कापली. मग शर्मन नावाची बाई पुढे आली. भटकी डुकरीण तिनं पाहिली, ती तिची नव्हती. तेव्हा ती म्हणाली की कापली ती माझी. चर्चनं केनला निर्दोष ठरवलं, कोर्टातही तो जिंकला, वर चोरीची बदनामी केली म्हणून त्यानं २० पौंडांची भरपाई मिळवली. पण बाईनं हार मानली नाही. १६४२ मध्ये प्रकरण थेट जनरल कोर्टात गेलं आणि सात दिवस सुनावणी झाली. एका डुकरिणीसाठी! १६३९ च्या प्रकरणामुळे लोकांच्या मनात केनबद्दल राग होताच, तो या वेळी बाहेर पडला.

मतं अशी पडली: बाईच्या बाजूनं २ दंडाधिकारी आणि १५ प्रतिनिधी. केनच्या बाजूनं ७ दंडाधिकारी आणि ८ प्रतिनिधी. बाकीचे ७ प्रतिनिधी तटस्थ. बेरीज करा, १७ विरुद्ध १५. म्हणजे बाई जिंकली? नाही. दंडाधिकाऱ्यांचं म्हणणं, आमच्यातलं बहुमत वेगळं मोजलं पाहिजे. प्रतिनिधी म्हणाले, सगळ्यांची मतं एकत्र मोजा. या भांडणातून १६४४ मध्ये सभेचे दोन भाग झाले आणि दोन्ही सभागृहं वेगवेगळी बसू लागली. नागरिकशास्त्रात द्विगृही कायदेमंडळ शिकवताना मुलं जांभया देतात ना? डुकरिणीपासून सुरू करून बघा.

केनचे पुढचे दिवस सरळ गेले नाहीत. तो न्यायाधीश झाला होता, पण दारू जास्त प्यायल्याच्या आरोपावरून १६५२ मध्ये ते पद गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी, १६५३ मध्ये, तो मृत्युपत्र लिहायला बसला. मृत्युपत्र किती पानांचं असतं? दोन, चार? याचं सरकारी नोंदवहीत १५८ पानांचं भरलं. वाटण्या थोड्या आणि कैफियत फार. चौदा वर्षांपूर्वीचा दंड त्याच्या मनातून गेलाच नव्हता. चर्चमध्ये रडून कबुली देणारा माणूस इथे एकेक वस्तू पुढे ठेवून हिशेब मांडतो.

खिळ्यांचं घ्या. लहान खिळे पौंडाला (म्हणजे वजनाला) १० पेन्स भावानं लावले असा आरोप होता. केन सांगतो, गिऱ्हाइकानं लहान खिळे परत करून मोठे नेले. मी वहीत भाव बदलला, पण खिळ्याचा प्रकार बदलायचा राहिला. वहीतली ही एक अर्धवट दुरुस्ती त्याला केवढ्याला पडली बघा. (खाडाखोड करू नका, चुकलं तर पूर्ण ओळ पुन्हा लिहा, असं मी रोज ओरडते. आता पुरावा मिळाला.) लगामाचं घ्या. २ शिलिंगला दिला तेव्हा बोंब झाली, आता त्याहून वाईट लगाम ३ शिलिंगला खपतात आणि कुणी काही बोलत नाही. सोनेरी बटणं डझनाला २ शिलिंग ९ पेन्सला विकली. लंडनमध्ये रोख २ शिलिंगहून जास्त मोजून आणली होती. समजा बरोबर २ शिलिंग धरले, तर २४ पेन्सवर ९ पेन्स, म्हणजे शेकडा ३७.५. खरेदी त्याहून जास्त, म्हणजे नफा याहून कमीच. जहाजाचं भाडं, नुकसान, उधारी अजून धरलीच नाही.

वाचताना मला त्याची दया येते, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट मुलांपासून लपवू नये असं माझं मत आहे. आपल्यावर अन्याय झाला हे सांगायला एवढी पानं लिहिणाऱ्या या माणसाच्या घरात गुलाम म्हणून ठेवलेली काळी माणसं होती. खिळ्याचा न्याय्य भाव काय यावर त्या गावानं एवढा काथ्याकूट केला, माणसाच्या खरेदीवर मात्र त्याला कुणी उभं केलं नाही. आठवीच्या मुलांशी हे जरूर बोला. सहावीला मी नुसतं सांगितलं आणि थांबले. वर्गात थोडा वेळ शांतता होती.

केन १६५६ च्या मार्चमध्ये गेला. ज्या गावानं दंड केला, त्याच गावाला त्यानं टाऊन हाऊस बांधायला ३०० पौंड ठेवले होते. खाली बाजार, वर सभा आणि कोर्टासाठी जागा, शिवाय ग्रंथालय, अशी त्याची कल्पना. गावानं वर्गणी घालून १६५८ पर्यंत लाकडी इमारत उभी केली. खांबांवर उभी, खालची जागा बाजाराला मोकळी. १७११ च्या आगीत ती जळाली. त्याच जागी १७१३ मध्ये विटांची इमारत झाली, ती आज ओल्ड स्टेट हाऊस म्हणून उभी आहे. स्क्रीनवर फोटो दाखवता आला तर दाखवा, मुलांना त्या छपरावरचे सिंह आणि युनिकॉर्न फार आवडतात.

मी हा पाठ दोन तासिकांत घेतला. पहिलीत गणितं, दुसरीत खटला. शेवटी मुलांना कागदावर लिहायला सांगितलं की तुम्ही जनरल कोर्टात असता तर किती दंड केला असता आणि का. शून्यापासून २०० पौंडांपर्यंत सगळी उत्तरं आली. एकानं लिहिलं, "दंड नको, पण दुकानाबाहेर भावाची पाटी लावायला सांगा."

किराणा दुकानवालीनं दंडाचा आकडा लिहिलाच नाही. कागदावर फक्त प्रश्न होता: "मॅडम, त्या सोनेरी बटणांचे पैसे त्याला मिळाले का?"

नाही मिळाले. ज्यानं तक्रार केली त्यानंच ते कधी दिले नाहीत, असं केननं मृत्युपत्रात लिहून ठेवलंय.