बाळाबरोबर बाळंतिणीकडेही बघा

घरात बाळ आले की भेटायला येणारा प्रत्येक जण आधी बाळाकडे वळतो. बाळ कोणावर गेले, वजन किती, दूध पिते का, सगळी विचारपूस होते. शेजारी पडलेल्या बाईला मात्र 'ताप आहे का? अंगावरून किती जाते? झोप लागते का?' असे क्वचितच कोणी विचारते. बाळंतपण सुखरूप झाले म्हणजे धोका टळला, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बाळंतपणानंतरचे पहिले २४ तास आणि पहिला आठवडा आई आणि बाळ दोघांसाठीही सर्वांत जोखमीचा असतो. आईचे अंग सावरले तर बाळ बाळसे धरते. म्हणून दोघांची काळजी वेगवेगळी करता येत नाही.

विटाळ सोडा, विश्रांती धरा

आपल्याकडे सव्वा महिना बाळंतीण घरात ठेवण्याची रीत आहे. त्यातली विश्रांती खरोखर गरजेची आहे. गर्भाशय आकुंचन पावून पहिल्यासारखे व्हायला सुमारे सहा आठवडे लागतात. पण त्याच रितीत विटाळाची कल्पनाही मिसळली आहे. बाळंतिणीला कोपऱ्यात ठेवायचे, जुनी मळकी कापडे वापरायला द्यायची, अंधाऱ्या खोलीत खिडकी बंद करून शेगडीचा धूर करायचा, हे विटाळातून आलेले आहे आणि ते घातक आहे. मळक्या कापडाने जंतू शिरतात. धुराने आई आणि बाळ दोघांची छाती भरते. बाळंतपणाचे रक्त अपवित्र नसते. बाळंतिणीला रोज अंघोळ, उन्हात वाळवलेले स्वच्छ कापड किंवा पॅड आणि मोकळी हवा हवी.

१९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कारखान्यातील स्त्री कामगारांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देणारे बिल आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, अशी बाजू त्यांनी सभागृहात मांडली. १९२९ साली तो कायदा झाला. जी विश्रांती गिरणीतल्या बाईला मिळावी म्हणून बाबासाहेब बोलले, ती आपल्या घरातल्या बाईला आपणच दिली पाहिजे. पाण्याचे हंडे, धुण्याचे ओझे आणि झोपडीची शिडी सहा आठवडे तरी तिच्या वाट्याला येऊ नये. मात्र विश्रांती म्हणजे दिवसभर पडून राहणे नव्हे. घरात हळूहळू चालल्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो.

अंगावरून जाणे कधीपर्यंत?

पहिले तीन-चार दिवस लाल रक्त जाते. मग रंग फिका होऊन तपकिरी आणि शेवटी पांढरट होतो. चार ते सहा आठवड्यांत ते थांबते. बाळाला पाजताना ओटीपोटात कळ येते, ती गर्भाशय आवळत असल्याची खूण आहे, घाबरू नये. पण कमी झालेले रक्त पुन्हा भरभरून जाऊ लागले किंवा त्याला घाण वास आला, तर वाट पाहू नका.

बाळंतिणीचे ताट

'वरणाने वात होतो, पाण्याने पोट सुटते, फळाने बाळाला सर्दी होते' असे सांगून अनेक घरांत बाळंतिणीला नुसता भात-तूप देतात. हे चूक आहे. दूध तयार करायला तिच्या शरीराला रोजच्यापेक्षा जास्त अन्न लागते, साधारण एका जेवणाएवढे वाढीव. भाकरी, डाळ, उसळ, मेथी-शेपूसारख्या पालेभाज्या, अंडी, मासे, सुकट, मटणाचा रस्सा, शेंगदाणे, गूळ, अळिवाची खीर, यातले जे परवडेल ते पोटभर द्या. तिने सर्वांच्या शेवटी उरलेसुरले खायचे, ही पद्धत या घरात तरी मोडा. तहान लागेल तेवढे पाणी प्यावे. दरवेळी पाजायला बसताना जवळ तांब्या ठेवावा.

रक्त वाढवणारी लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायची असते. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा पिऊ नये, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

बाळाला सहा महिने फक्त आईचे दूध

जन्मल्यापासून तासाभरात बाळाला छातीशी लावा. सिझेरियन झाले तरी मदतीने हे जमते. पहिले पिवळट, दाटसर दूध म्हणजे चीक. तो पिळून टाकू नका, आजारांशी लढण्याची ताकद त्यात असते. मध, गुटी, साखरेचे पाणी, वरचे दूध यातले काहीही सहा महिने देऊ नका. उन्हाळ्यातही वेगळ्या पाण्याची गरज नसते.

'माझे दूध पुरत नाही' ही शंका बहुतेक आयांना येते. तिचे उत्तर बाळच देते. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. सुरुवातीला वजन थोडे घटते, ते दहा ते चौदा दिवसांत भरून येते. पुढे दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढ होते आणि पाच-सहा महिन्यांत जन्माचे वजन दुप्पट होते. वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या. हे वडील किंवा आजीही करू शकतात.

नाळेवर हळद, राख, तेल काही लावू नका, ती कोरडी राहू द्या. कानात-नाकात तेल आणि डोळ्यांत काजळ घालू नका. पोट फुगले म्हणून बिब्बा घालणे किंवा चटका देणे म्हणजे बाळाला जाळणे आहे. झोपवताना बाळाला पाठीवर झोपवा. नामकरणाला पाहुणे येतात तेव्हा साबणाने हात धुतल्याशिवाय बाळ कोणाच्या हाती देऊ नका आणि खोकला असलेल्याला लांबूनच बघू द्या.

आशाताई येते, तिला आत बोलवा

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. हे काम १९९९ साली जगापुढे आले आणि २०११ पासून देशभर आशाताई घरी येऊन बाळ-बाळंतिणीला तपासू लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ही भेट व्हायला हवी. ती आली नाही तर आपण तिला बोलवायचे.

जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब या लशी आणि पुढे ६, १०, १४ आठवड्यांचे डोस चुकवू नका. लसीनंतर थोडा ताप येतो. त्या भीतीने पुढचा डोस टाळू नये.

बाळ कधी काय करते?

• दीड-दोन महिने: आपल्याकडे बघून हसते, मोठ्या आवाजाने दचकते, चेहऱ्यामागे नजर फिरवते.
• तीन-चार महिने: मान धरते, हुंकार देते.
• चार ते सहा महिने: खुळखुळ्याकडे हात नेते, कुशीवर वळते, पालथे पडते.
• सहा महिने: आधाराने बसते, हाक मारली की वळून बघते.

प्रत्येक बाळ पंधरा दिवस मागेपुढे असते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे महिने अपेक्षित तारखेपासून मोजावेत. पण तीन महिन्यांतही बाळ हसत नसेल, आवाजाला दचकत नसेल, पाच महिन्यांतही मान धरत नसेल तर 'घराण्यात उशिराच चालतात' म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. लवकर कळले तर उपचाराचा जास्त उपयोग होतो. बाळाच्या वाढीला महाग खेळणी लागत नाहीत. अंघोळ घालताना, पाजताना त्याच्याशी बोला, गाणे म्हणा.

मनाचे दुखणे

पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणे, चिडचिड होणे सामान्य आहे. दोन आठवड्यांनंतरही उदास वाटत असेल, बाळाकडे बघावेसे वाटत नसेल, बाळ झोपले तरी झोप लागत नसेल, तर तो आजार आहे आणि तो उपचाराने बरा होतो. त्याला नखरे म्हणू नका, 'बाहेरचे लागले' म्हणून भगताकडेही नेऊ नका. १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते. मुलगी झाली म्हणून टोमणे मारणाऱ्या घरात हे दुखणे वाढते. मुलगा की मुलगी, हे पुरुषाच्या बीजावर ठरते, बाईवर नाही.

ताबडतोब दवाखान्यात न्या

आई: तासाभरात पॅड किंवा घडी पूर्ण भिजणे, ताप-थंडी, घाण वासाचा स्राव, तीव्र डोकेदुखी आणि अंधारी, झटके, एकाच पायाला सूज व दुखणे, धाप लागणे, टाक्यांतून पू, स्तन लाल होऊन ठणकणे, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार.

बाळ: दूध न ओढणे, अंग तापणे किंवा गार पडणे, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, बरगड्यांखाली खड्डा पडणे, झटके, नाळेभोवती लाली किंवा पू, पहिल्याच दिवशी कावीळ किंवा तळहात-तळपाय पिवळे होणे.

पैशांसाठी थांबू नका. सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियन, औषधे आणि बाळाचे वर्षभरापर्यंतचे उपचार मोफत आहेत. गाडीसाठी १०२ किंवा १०८ वर फोन करा.

कामावर परतताना

धुणीभांडी, झाडलोट, बिगारी करणाऱ्या बहिणींना रजा मिळत नाही आणि महिन्या-दीड महिन्यातच निघावे लागते. तरी बाळाचे दूध तुटू देऊ नका. हात धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात दूध काढून झाकून ठेवा. ते चार तासांपर्यंत बाहेर चालते. घरच्यांनी ते वाटी-चमच्याने पाजावे, बाटली नको. पुन्हा दिवस राहण्याआधी किमान दोन वर्षांचे अंतर राहावे म्हणून तांबी, गोळी किंवा निरोधबद्दल ४२ व्या दिवसाच्या तपासणीत दोघांनी मिळून विचारा. पाळी आली नाही तरी दिवस राहू शकतात.

घरातल्या पुरुषांसाठी एवढेच सांगणे आहे. पाणी भरा, बाळाचे कपडे धुवा, रात्री एकदा तरी बाळ मांडीवर घ्या आणि रोज बाळाआधी बाळाच्या आईला विचारा, 'तुझी तब्येत कशी आहे?'