वाहनचालकाचे मन आणि मेंदू : स्त्री-पुरुष भेदाचा अर्थ

रस्त्यावरील अपघातांची कारणमीमांसा करताना वाहनाची अवस्था, रस्त्याची रचना आणि वेग यांचा विचार होतो. चालकाच्या भावनांचा विचार मात्र क्वचितच केला जातो. सन २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. यास्तव चालकाचे लक्ष कशाने विचलित होते, आणि याबाबतीत स्त्री व पुरुष यांच्यात काही भेद आहे काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

प्रतिक्रियेचे मोजमाप

मेंदूतील पेशींचे व्यवहार सूक्ष्म विद्युत् संदेशांनी चालतात. जर्मन शास्त्रज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचा विद्युत् आलेख प्रथम नोंदविला. या पद्धतीत डोक्यावर धातूच्या चकत्या बसवून सेकंदाच्या सहस्रांशापर्यंतचे बदल टिपता येतात. प्रयोगात सहभागी व्यक्तीला जखमी माणूस, हसरे बालक, साधी खुर्ची अशी निरनिराळी छायाचित्रे दाखवितात. फ्लॉरिडा विद्यापीठातील पीटर लँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला छायाचित्रांचा प्रमाणित संच यासाठी जगभर वापरला गेला आहे. भावना चाळविणारे चित्र दिसताच सुमारे तीन ते चार दशांश सेकंदानंतर आलेखावर मोठी लाट उमटू लागते. साध्या वस्तूच्या चित्राने ती तितकी मोठी उमटत नाही. अशा चित्राकडे लक्ष अधिक वेधले जाते, हेच यावरून दिसते.

रस्त्यावर या गोष्टीचे मोल मोठे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. अमेरिकेत १०० मोटारींवर उपकरणे बसवून केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, नजर दोन सेकंदांहून अधिक काळ रस्त्यावरून हटल्यास धोका किमान दुप्पट होतो.

भेद आणि त्याच्या मर्यादा

फ्लॉरिडा विद्यापीठाच्याच २००१ मधील अभ्यासात अप्रिय चित्रांना स्त्रियांचा प्रतिसाद सरासरीने अधिक तीव्र, तर शृंगारिक चित्रांना पुरुषांचा प्रतिसाद अधिक तीव्र आढळला. परंतु सरासरी म्हणजे व्यक्ती नव्हे. १,४०० हून अधिक मेंदूंच्या प्रतिमा तपासून डॅफ्ना जोएल व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, बहुतेक मेंदूंत स्त्रियांत अधिक आढळणारी व पुरुषांत अधिक आढळणारी वैशिष्ट्ये एकत्र नांदतात.

शिवाय तीव्र प्रतिसाद म्हणजे सदोष वाहनचालन, असे समीकरण मांडता येत नाही. धोक्याची जाणीव तीव्र असणे सावधपणासही साहाय्यभूत होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, २५ वर्षांखालील तरुण पुरुषांचा रस्ते अपघातात मृत्यू होण्याचा संभव त्याच वयाच्या स्त्रियांच्या जवळजवळ तिप्पट असतो. सातारा जिल्ह्यातील सुरेखा यादव या भारतातील पहिल्या महिला रेल्वेचालक होत. त्यांनी मार्च २०२३ मध्ये सोलापूर ते मुंबई वंदे भारत गाडी चालविली. पात्रता व्यक्तीची पारखावयाची असते, लिंगाची नव्हे.

व्यवहारातील बोध

या संशोधनाचा खरा उपयोग चालकांची विभागणी करण्यासाठी नसून सर्वांचेच लक्ष सुरक्षित राखण्यासाठी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११६ अन्वये, चालकाची एकाग्रता भंग करण्याचा संभव असलेला जाहिरात फलक हटविण्याचा अधिकार पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यास आहे. वळणावर वा चौकात भडक फलक उभा राहिल्यास पंचायत सदस्यांनी तो निदर्शनास आणून द्यावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना वाहतुकीच्या चिन्हांबरोबरच राग, भीती व उतावीळपणा आवरण्याचे शिक्षण द्यावे. मुलगा असो वा मुलगी, उद्याच्या चालकाला हे दोन्ही धडे सारखेच आवश्यक आहेत.