मोबाईल चार्ज होतो, पण टक्के का वाढत नाहीत?

पावसाळ्यात शाहूवाडी तालुक्यातील आंब्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावांत तारांवर झाड पडते आणि वीज जाते. अशा वेळी मोबाईल चालू असणे गरजेचे. रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले, तर गाडी त्यावरूनच बोलवायची असते. मग कोणी तो लॅपटॉपला यूएसबी केबलने जोडतो. चार्जिंगची खूण दिसते, पण तासाभराने पाहावे तर आकडा जेमतेम हललेला! असे का होते?

यूएसबीच्या नेहमीच्या चपट्या तोंडात चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या. त्यांच्यात ५ व्होल्टचा दाब असतो. मधल्या दोन माहितीच्या. चार्जर मोबाईलमध्ये वीज ढकलतो, असे पुष्कळांना वाटते. खरे तर प्रवाह किती घ्यायचा हे मोबाईल ठरवतो; आणि त्याआधी मधल्या पट्ट्यांवरून समोर कोण आहे, याची चौकशी करतो.

समोर यूएसबी २.० प्रकारचा संगणक असेल, तर नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपियरच घेता येतात. चार्जरमध्ये मात्र मधल्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या असतात. मोबाईल एका पट्टीवर थोडा दाब देतो. तोच दुसरीवर आढळला, की तो दीड अँपियरपर्यंत प्रवाह घेऊ शकतो. टाईप-सी जोडणीत ही सूचना वेगळ्या तारेवरून मिळते आणि ती ३ अँपियरपर्यंतची असू शकते. सूचनाच मिळाली नाही, तर चार्जर दणकट असूनही मोबाईल सहसा बेताचाच प्रवाह घेतो.

आता गणित करू. ५ व्होल्ट गुणिले ०.५ अँपियर म्हणजे २.५ वॅट. मोबाईलच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते असे धरू. म्हणजे ती भरायला साडेसात तासांहून अधिक वेळ लागेल. त्यातच डोंगराआड सिग्नल क्षीण असला, की मोबाईल अधिक जोराने लहरी पाठवतो. पडदाही चालू असेल, तर आलेली वीज तिथेच खर्च होते.

दुसरा चोर म्हणजे केबल. लांब, बारीक तारेचा रोध जास्त असतो. जाण्यायेण्याच्या तारांचा मिळून ०.४ ओहम रोध असेल, तर दीड अँपियरला ओहमच्या नियमाने ०.६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. मोबाईलपाशी ४.४ व्होल्ट उरतात. भरत आलेल्या बॅटरीचा स्वतःचा दाबच ४.२ ते ४.४ व्होल्ट असतो! दाब असा घसरला, की मोबाईल प्रवाह कमी करतो.

करून पाहा : एकच चार्जर आणि दोन केबल घ्या. दोन्ही वेळा मोबाईल ३० टक्क्यांवर असताना, पडदा बंद ठेवून, अर्धा तास चार्ज करा. वाढलेले टक्के वहीत लिहा. जी केबल सरस ठरेल, ती पावसाळ्यासाठी जपून ठेवा. आणि वीज गेल्यावर लॅपटॉपवरच भागवायचे असेल, तर निदान मोबाईलचा पडदा आणि इंटरनेट बंद ठेवा.