गुडघ्याआधी माणूस

मनू, तुझ्या पीएचडी प्रवेशाचे पेढे पोचले. शेजारच्या काकूंनी विचारलं म्हणे, "धाकटी आता डॉक्टर होणार की इंजिनिअर?" आणि आई गडबडली. तूही गडबडणार आहेस. बायोमेकॅनिक्समध्ये पीएचडी करणाऱ्याला डॉक्टर इंजिनिअर समजतात आणि इंजिनिअर 'मेडिकलवाली' म्हणतात. मी काकूंना सांगते ते असं : पूल किती भार सोसेल हे मोजतात ना, तसं आम्ही गुडघा काय काय सोसतो ते मोजतो.

आता जरा निवांत बस. यंत्रं तुला कुणीही शिकवेल, मला वेगळंच सांगायचंय.

चालीच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा जाशील तेव्हा हरखून जाशील. भिंतींवर इन्फ्रारेड कॅमेरे, जमिनीत बसवलेली फोर्स प्लेट, अंगावर चिकटवायचे चमकते गोळे, म्हणजे मार्कर. माणूस चालतो, कॅमेरे सेकंदाला शंभरेक वेळा त्या गोळ्यांची जागा टिपतात, प्लेट सेकंदाला हजारेक वेळा पायाचा रेटा नोंदवते. तिथून उलटा हिशेब : आधी घोटा, मग गुडघा, मग खुबा. सगळा न्यूटनच. साधं चालतानाही गुडघ्याच्या आत वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, कारण सांध्याभोवतीचे स्नायूही त्याला आवळून धरतात. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यातच सेन्सर बसवून हा भार थेट मोजलाय. मी हे पहिल्यांदा वाचलं, त्या रात्री जिना उतरताना कठड्याला धरून उतरले होते.

पण माझी फजिती ऐक. माझा विषय होता पन्नाशीपुढच्या बायकांचे दुखरे गुडघे. सात महिन्यांनी माझ्याकडे अठरा जणांचा डेटा होता आणि अठराही होस्टेलचे धडधाकट मुलगे! समोसा दिला की यायचे. बायका का येत नव्हत्या? मार्कर कातडीवर लागतो. कंबर, मांडी, गुडघा, घोटा. म्हणजे हाफ पँट. मेसच्या मावशींना विचारलं, तर पदर सावरत म्हणाल्या, "पोरी, तेवढं सोडून काहीही सांग." मी चिडून डायरीत लिहिलं, 'लोकांना संशोधनाची पर्वा नाही.'

माझी फिजिओथेरपिस्ट मैत्रीण ते वाचून म्हणाली, "चार मुलगे वावरणाऱ्या खोलीत तिला हाफ पँटवर उभं करतेस, आणि पर्वा तिला नाही होय?"

मग मी शहाणी झाले. मुलांना बाहेर काढलं, दाराला कडी, काचेला पडदा, मदतीला मैत्रीण, अंगाला घट्ट बसणारी लेगिंग. आणि मुख्य म्हणजे मावशींना आधी संगणकाचा पडदा दाखवला : त्यावर ना चेहरा दिसतो ना अंग, नुसते ठिपके. स्वतःचे ठिपके चालताना बघून त्या खळखळून हसल्या, "अगं, माझा सांगाडा निघाला फिरायला!"

संमतीपत्र मी मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "यानं माझं दुखणं थांबेल का?" 'बघू, होईल काहीतरी' हे अगदी जिभेवर आलं होतं. तसं कधी म्हणू नकोस. मी म्हटलं, "नाही मावशी. तुमचं नाही थांबणार. पुढे दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तर झाला." क्षणभर थांबून म्हणाल्या, "बरं. लाव तुझे गोळे."

आणि गोळे लावता लावता सहज बोलून गेल्या, "चालताना नाही गं दुखत मला. खालून उठताना जीव जातो."

सात महिने मी चाल मोजत होते! चालताना गुडघा वाकतो साधारण ६० अंश. पूर्ण उकिडवं बसताना दीडशेच्या आसपास. माझा प्रश्नच चुकीच्या कोनात उभा होता. उकिडवं बसून उठणं मी त्यानंतर प्रयोगात घेतलं आणि प्रबंधात जीव आला तो तिथून.

जयपूर फूटची गोष्ट तुला परीक्षेपुरती ठाऊक आहे. १९६८च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो रबरी पाय घडवला. त्याआधीच्या कृत्रिम पायाला बूट लागायचा. आपल्या माणसाला उकिडवं बसायचं असतं, मांडी घालायची असते, चिखलातून शेतात जायचं असतं, देवळात अनवाणी शिरायचं असतं. हे त्यांनी पेशंटकडे बघून ओळखलं, म्हणून तो पाय चालला.

आता चार बारीकसारीक गोष्टी, ताईच्या हक्कानं.

गाईड निवडताना गाईडशी बोलशीलच, पण त्यांच्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कॅन्टीनमध्ये गाठ. पेशंटपर्यंत कसं पोचता, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं, हे त्यांच्याकडून कळतं. एथिक्स कमिटीचा अर्ज पहिल्या सहामाहीतच लिहायला घे. मंजुरी येईपर्यंत एकाही माणसाला मार्कर लावायचा नाही. २०२३ पासून जेआरएफ शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झालीय, पण ती दर महिन्याला वेळेवर येईल असं धरून घरभाडं ठरवू नकोस. दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला असू दे.

सॉफ्टवेअरच्या प्रेमात पडू नकोस. स्टॅनफर्डचं ओपनसिम फुकट मिळतं, काम सुरेख करतं. पण कुठलंही मॉडेल उत्तर देतंच, चुकीचं खायला घातलं तरी देतं, आणि तेही लाल-निळ्या देखण्या चित्रात. मिलिमीटरच्या जागी मीटर धरलेस तर आकडा हजारपटीनं हुकतो आणि चित्र तसंच देखणं राहतं. म्हणून आधी कागदावर ढोबळ हिशेब, मग बटण. वही रोज लिही. बिघडलेला प्रयोग तर आधी लिही, कारण विसरायला आपल्याला तोच सोपा जातो.

रडू येईल. दुसऱ्या वर्षी हमखास येतं. तेव्हा लॅबमध्ये बसून राहू नकोस, मला फोन कर. रात्री दोन वाजले असले तरी कर.

आणि एक काम पहिल्याच आठवड्यात करायचं. कुणाकडून तरी स्वतःला मार्कर लावून घे. हाफ पँटवर, सगळ्यांच्या नजरेसमोर, त्या प्लेटवरून दहा वेळा चालून बघ. काय वाटलं ते वहीच्या पहिल्या पानावर लिही. आणि मगच दुसऱ्या कुणाला म्हण, "या, उभ्या राहा."